सहा रेघांवरच्या मुंडावळ्या

माझा मुलगा मनोज याला काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे आजवर कळलेलं नाही. मेथी निवडायला दिली तर पानंही टोपलीत आणि काड्याही टोपलीत. विचारलं तर म्हणतो, "काडीत बी सत्त्व असते आई." घरात बंद पडलेले मिक्सर आहेत, पंखे आहेत, एक कूलर आहे. त्यातला एकही भंगारात देऊ देत नाही, कारण एकाचा पार्ट कधीतरी दुसऱ्याला लागेल. असा माणूस सरकारी कचेरीत इतकी वर्षं टिकला याचं मला नवल वाटत नाही. तिथं सगळे त्याच्यासारखेच असणार, नाहीतर फायली छताला लागल्या नसत्या.

मिक्सरपर्यंत मी सहन केलं. पण औंदा त्यानं माझ्या सासूच्या गाण्याला हात घातला, आणि तोही अशा वेळी की मला तोंड उघडायची बंदी होती. त्या गाण्याचं पुढं काय झालं ते अमरावतीपासून अकोल्यापर्यंत लोक आपापल्या परीनं सांगत असतात. म्हणून खरं काय ते मी लिहून ठेवते.

आमचं अमरावतीच्या इतवारा बाजारात फुलांचं दुकान आहे. गादीवर मी बसते. आमचे हे, वामनराव, खुर्चीवर बसून पेपर वाचतात, आणि गिऱ्हाईक आलं की पेपर थोडा वर धरतात. नवरदेवाचे हार, गाडीचे हार, पुढाऱ्यांचे हार, लोकांच्या लेकींच्या मुंडावळ्या, सगळं आम्ही करून देतो. पण घरच्या नवरीच्या मुंडावळ्या दुकानात होत नाहीत. त्या लग्नाच्या सकाळी मांडवात, घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं ओवायच्या आणि ओवताना गाणं म्हणायचं. गाणं माझ्या सासूबाईंचं, कौशल्याबाईंचं. त्यांना त्यांच्या सासूकडून आलेलं.

पयलं फूल ओवते मी, मायच्या गं नावानं,
दुसरं फूल ओवते मी, बापाच्या गं गावानं,
तिसरं फूल ओवते मी, ज्याच्या घरी जाणं...

आणि इथं थांबायचं. कारण तिसऱ्या फुलानंतर गाठ येते, गाठ मारताना दोऱ्याचं टोक दातात धरावं लागतं, आणि दातात दोरा असल्यावर बाई गाणार कशी. कधी गाठ चटकन बसते, कधी ओला दोरा घसरतो. ती बसेपर्यंत मांडवातल्या सगळ्या बाया गप्प. मी नवी सून असताना एकदा घाईनं पुढची ओळ उचलली होती. सासूबाईंनी दोरा दातातच ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की पुढची काही लग्नं मी मांडवात तोंड उघडलं नाही.

आता हे गाणं येणाऱ्या दोघीच उरल्या. एक मी. दुसरी माझी धाकटी जाऊ सुभद्रा, अकोल्याची. तिला ते येतं असं तिचं म्हणणं. सुभद्रा घरात आली तोवर सासूबाईंचे दात पडले होते. दोरा धरता येईना, म्हणून गाठ मारायला त्या दुसऱ्या कुणाकडे देत आणि आपण गात सुटत. सुभद्रेनं तेच ऐकलं. त्यामुळे तिच्या गाण्यात थांबणंच नाही. मूर्तिजापूर स्टेशन न घेता निघालेल्या गाडीसारखं ते जातं. मी तिला एकदा चारचौघींत म्हणाले होते, "बाई, तू गाणं नाई शिकली, बोळकं शिकली." तिला ते लागलं असावं.

माझी नात करिश्मा, मनोजची मुलगी, तिचं लग्न अकोल्याच्या रोहितशी ठरलं ते सुभद्रेनंच जमवलं. मुलगा चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मांडव अकोल्यात, म्हणजे सुभद्रेच्या अंगणात. आणि नेमका त्याच वेळी माझा आवाज गेला.

दिवाळीच्या गर्दीत ओरडून ओरडून तो जो बसला, तो उठला नाही. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. आवाजाच्या पडद्यावर फोड आलाय म्हणाले, आणि लग्न होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही असं सांगितलं.

"एकही नाई?" वामनरावांनी विचारलं. ज्या आवाजात विचारलं तो मी लक्षात ठेवला आहे.

मी हातवारे करून विचारलं, लग्नाच्या दिवशी तरी. डॉक्टरांनी जरा विचार केला. "लग्नाच्या दिवशी एक वाक्य बोला. कोणतं ते आधी ठरवून ठेवा, आणि हळू बोला."

ते वाक्य मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच ठरवलं. ते सुभद्रेसाठी होतं. काय होतं ते इथं लिहीत नाही, घरात लहान मुलं वाचतात.

माझी सून रागिणी शाळेत गणित शिकवते. तिनं मला पाटी आणून दिली. चौथीत सुटलेली पाटी या वयात पुन्हा हातात आली. पाटीवर रागावून पाहा एकदा, म्हणजे कळेल. रागाला जोडाक्षरं फार लागतात, आणि ती जुळवेपर्यंत ज्याच्यावर रागावलो तो माणूस दुसऱ्या खोलीत जातो. वामनराव तर मी पेन्सिल उचलली की चष्मा काढून ठेवत.

बातमी अकोल्याला पोचली तसा सुभद्रेचा फोन आला. "मोठ्या बाई, तुमी काईच टेन्शन घेऊ नका. तुमी फुलं ओवा, गाणं मी म्हणीन ना."

मला काही बोलता येत नाही हे ठाऊक असूनच तिनं फोन केला होता. मी फोनवर फक्त श्वास सोडला. ती म्हणाली, "मंग ठरलं."

त्या लग्नात सुभद्रा ते गाणं म्हणाली की पुढं तिचंच खरं ठरणार हे मला दिसत होतं. करिश्मा तेच ऐकणार, करिश्माची मुलगी तेच म्हणणार. सासूबाईंना दात असतानाचं गाणं जगातून जाणार. मी पाटीवर "नाही" लिहिलं आणि ती पाटी जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवली.

घरात मसलत बसली. रागिणीनं म्हणून पाहिलं. सूर ठीक होता, पण ती गाणंही गणितासारखं म्हणते, प्रत्येक ओळीखाली उत्तर आल्यासारखी थांबते. मग मनोजला आठवलं की दसऱ्याला दुकानात हार ओवताना मी हेच गाणं म्हणत होते आणि त्यानं ते फोनवर भरून ठेवलं होतं. का भरलं, तर टाकायचं काय हे त्याला कळत नाही म्हणून.

लावून ऐकलं. गाणं पक्कं होतं, गाठींसकट. फक्त मधे एक गिऱ्हाईक आलं होतं. गाणं सोडून मी त्याला म्हणाले होते, "हात नको लावू, हात नको लावू. पान्यानं नाई, दवानं ओला हाय. घ्यायचा तं घे, नाई तं पुढं हो." मग पुन्हा गाणं. आणि शेवटी मला खोकला आला होता, जोरात, दोनदा.

"हेच स्पीकरवर लावू या," रागिणी म्हणाली.

मी लिहिलं, "नातीच्या मांडवात माझं भांडण ऐकवता?"

तेव्हा मनोज उठून उभा राहिला. मनोजनं मागं गिटार घेतलं होतं. डॉक्टरांनी त्याला पोट कमी करायला सकाळी फिरायला सांगितलं होतं, त्याऐवजी घेतलं. तो म्हणाला, "आई, मी हे गाणं लिहून काढतो. पक्कं, नोटेशनमध्ये. बँडवाले वाजवतील, शब्द कागदावर देऊ ते बाया म्हणतील. एकदा कागदावर आलं की काकीले त्यात काईच बदलता येनार नाई. जगात कुठंबी तसंच वाजेल."

मी लिहिलं, "जगात कशाला, अकोल्यात वाजलं तरी पुष्कळ." पण मी "कशाला"चा काना देईपर्यंत तो कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला होता.

अकोल्याचा बँड म्हणजे जानरावांचा. जानराव कधीकाळी पोलिसांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. तिथून निवृत्त झाले, पण मान अजून परेडच्या मैदानावर असल्यासारखी ठेवतात. फोनवरच त्यांनी सांगून टाकलं. "आमी कानानं वाजवत नाई. कान बेइमान असते. कागद आना. कागदावर जे हाय ते वाजते, एक ठिपका इकडचा तिकडं होनार नाई." हे ऐकून मनोजला जो आनंद झाला तो त्याला करिश्मा झाली तेव्हाही मी पाहिला नव्हता.

आता मनोज ज्यात गाणं लिहीत होता ते कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर काय आहे ते सांगते. ते गिटारवाल्यांचं. गिटारला सहा तारा, म्हणून पडद्यावर सहा रेघा. कोणत्या तारेवर कितव्या घरात बोट ठेवायचं तो आकडा त्या रेघेवर टाकायचा. आकडा टाकला की वर दुसऱ्या पाच रेघांवर आपोआप काळी अंडी उमटतात, शेपटीवाली. ते खरं नोटेशन, जे जगात सगळीकडे चालतं. मनोजला आकडे कळतात, अंडी कळत नाहीत. जानरावांना अंडी कळतात, आकडे कळत नाहीत. म्हणजे मधल्या यंत्रानं काय लिहिलं हे दोघांनीही एकमेकांच्या भरवशावर मान्य करायचं. मला तर दोन्ही कळत नाहीत, पण गाणं कळतं, आणि तिघांत मीच मुकी.

मी पहिल्याच दिवशी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं, "गिऱ्हाईक काढ." मनोजनं मान हलवली. मनोज मान हलवतो याचा अर्थ त्यानं मान हलवली, एवढाच.

तो माझं रेकॉर्डिंग निम्म्या वेगानं लावी, कानात भोंगे घाली, एक सूर ऐके, गिटारवर शोधी, आकडा टाकी. निम्म्या वेगात माझा आवाज गाभण म्हशीसारखा येत होता. शब्द कळत नव्हते. मी जवळ जाऊन पाटी दाखवली, गिऱ्हाईक कुठाय. तो म्हणाला, "आई, इतक्या सावकाश लावल्यावर गानं कोनतं अन् बोलनं कोनतं समजतच नाई. खरं सांगू का, मधे एक तुकडा हाय तो बाकीच्यापेक्षा जास्त सुरात हाय." तो तुकडा कोणता हे मला त्या दिवशी कळलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. मला वाटलं माझ्या तिसऱ्या ओळीचं कौतुक करतोय. मी त्या दिवशी त्याला रोडगे करून घातले.

खरी खडाजंगी गाठीवरून झाली. त्या सॉफ्टवेअरमध्ये खण असतात. प्रत्येक खणात ठरावीक मात्रा भरायच्या, कमी नाही, जास्त नाही. चुकलं की खण लाल होतो. गाणं गाठीपाशी आलं की खण लाल.

"आई, ही गाठ किती मात्रांची?"

मी लिहिलं, "पक्की होईस्तोवर."

"ते इथं टाकता येत नाई."

मी शेवंती आणि दोरा घेऊन त्याच्यापुढं बसले. गाठ मारून दाखवली. पुन्हा मारून दाखवली. तो फोनमधल्या घड्याळावर मोजत होता. एकही गाठ दुसरीइतकी निघाली नाही. शेवटी त्यानं सगळ्यांची सरासरी काढली आणि तेवढी शांतता प्रत्येक गाठीच्या खणात भरली. खण पांढरा झाला, मनोज खूश झाला. ज्या पोराला मी गादीखाली झोपवून हार ओवले, त्यानं माझ्या गाठींची सरासरी काढली.

याच सुमारास शेजारचे नत्थुजी येऊ लागले. नत्थुजी भजनी मंडळात पेटी वाजवतात, म्हणजे पेटी त्यांची आहे. त्यांनी पडदा पाहिला आणि म्हणाले, "ह्या विलायती रेघा कावून घेऊन बसला, मनोजभाऊ? सरळ सारेगम लिहा. पयले राग ठरवा." मग त्यांनीच राग ठरवला. पहिल्या दिवशी यमन होता. दुसऱ्या दिवशी भूप. तिसऱ्या दिवशी चहा झाल्यावर म्हणाले की हे मिश्रण आहे, आणि मिश्रण फार थोड्या लोकांच्या ध्यानात येतं. मागच्या गल्लीतली मैनाबाई तर वेगळंच सांगून गेली. घशाला ओव्याचा शेक द्या, बँड रद्द करा आणि डीजे बोलवा, म्हणजे कुणी गायलं काय अन् नाही काय, ऐकूच येत नाही. त्या महिन्यात मला मिळालेला सगळ्यात शहाणा सल्ला तो होता. पण तो मैनाबाईनं दिल्यामुळे कुणी घेतला नाही.

कागद छापून झाला तसे आम्ही बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला तालमीला गेलो. मनोजनं एकाच पानाच्या झेरॉक्स काढून सगळ्या बँडला वाटल्या. जानरावांनी कागद स्टँडवर लावला, मान वर केली, आणि बँड सुरू झाला. तो आवाज मी कसा सांगू. आमच्या घरी जेवताना जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला की जे होतं, ते झालं. सगळे एकच बोलत होते, एकाच वेळी बोलत होते, आणि एकाचंही दुसऱ्याशी जमत नव्हतं.

जानरावांनी हात वर करून थांबवलं. "साहेब, हा कोन्या वाद्याचा कागद हाय?"

"गिटारचा," मनोज म्हणाला.

"म्हनून. कागदावर सा लिहिला तं क्लॅरिनेट आपल्या घरचा सा काढते, सॅक्सोफोन आपल्या घरचा काढते. ट्रम्पेटचं क्लॅरिनेटसंग जुळते, पन सॅक्सोफोन सोयरिकीतलं नाई. ज्याले त्याले वेगळा कागद लागते. पोलिसात असं कधी झालं नाई."

सुभद्रा तिथं होतीच. ती हळूच म्हणाली, "तरी मी म्हणत होती, मीच म्हणतो. कागद कशाले पाह्यजे." मी पाटी काढली, पण तिच्यासाठीचं वाक्य पाटीवर वाया घालवायचं नव्हतं. पाटी पुन्हा पिशवीत घातली.

मनोज आठवडाभर पुन्हा बसला. सॉफ्टवेअरला वाद्याचं नाव सांगितलं की ते सगळी अंडी आपोआप हव्या तेवढ्या पायऱ्या वर-खाली सरकवून देतं, हे त्याला आता कळलं होतं. क्लॅरिनेटचा वेगळा, सॅक्सोफोनचा वेगळा, असा कागदांचा गठ्ठा झाला. तो गठ्ठा घेऊन तो बँडची परवानगी काढायला अकोल्याच्या एका कचेरीत गेला. सोबत मी होते, कारण न बोलणारी म्हातारी सोबत असली की काम लवकर होतं असा त्याचा समज.

तिथल्या बाबूनं अर्ज पाहिला. "वाजवायच्या गान्याची प्रत जोडा. मजकुरात आक्षेपार्ह काई नाई ना, पाहावं लागते."

मनोजनं क्लॅरिनेटचं पान पुढं केलं. बाबूनं ते उभं पाहिलं, आडवं पाहिलं. "हे कोनत्या भाषेत हाय?"

"हे संगीत आहे."

"संगीत हाय ते दिसते मले. पन अर्जासंगचा मजकूर मराठीत लागते. भाषांतर जोडा."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. मनोज स्वतः कचेरीतला, त्याला यात काही वावगं वाटलं नाही. बाहेरच्या बाकावर बसून त्यानं माझ्या सासूच्या गाण्याचं मराठीत भाषांतर केलं. "सुरुवातीस स्वर वर जातो. तदनंतर तो खाली येतो. त्यानंतर काही काळ शांतता पाळण्यात येते. नंतर स्वर पुनश्च वर जातो." असं पानभर. बाबूनं ते सगळं वाचलं. "शांतता पाळून राहिले म्हन्ता, मंग आक्षेप नाई," म्हणाला, आणि प्रत्येक कागदाच्या शेवटच्या ओळीवर हा एवढा मोठा गोल जांभळा शिक्का मारला. मनोजनं तेच शिक्क्याचे कागद बँडला दिले. बिनशिक्क्याचे वाजवले तर बेकायदा ठरेल म्हणाला.

लग्नाची सकाळ उजाडली. मांडवात मी पाटावर बसले, पुढ्यात शेवंती, कळ्या, ओला दोरा. समोर हळदीची करिश्मा. बाजूला सुभद्रा हिरवा शालू नेसून, घसा साफ करत. बाया गोल बसलेल्या. मांडवाच्या तोंडाशी जानरावांचा बँड कागद लावून उभा, आणि त्यांच्या मागं मनोज, परीक्षेच्या वर्गाबाहेर बाप उभा असतो तसा.

क्लॅरिनेट सुरू झालं. पहिली ओळ, पहिलं फूल. दुसरी ओळ, दुसरं फूल. खरं सांगते, बरोबर होतं. बाया कागदावरचे शब्द म्हणू लागल्या. तिसरं फूल ओवलं, दोरा दातात धरला, गाठ घातली.

दोरा घसरला.

मनोजची सरासरी संपली आणि क्लॅरिनेट पुढं निघालं. बाया निघाल्या. सुभद्रा तर सगळ्यांच्या पुढं निघाली, हसत हसत. माझी गाठ अजून बसायची होती, दोरा दातात होता, पाटी पिशवीत होती. मी मान वर केली आणि जानरावांकडे पाहिलं. कसं पाहिलं ते मला माहीत नाही, पण रागिणी नंतर म्हणाली की तिच्या अंगावर काटा आला. क्लॅरिनेट अर्ध्या सुरात थांबलं. सॅक्सोफोन थोडं पुढं जाऊन थांबलं. आख्खा मांडव गप्प. मी सावकाश गाठ पक्की केली, दोरा सोडला, आणि मगच जानरावांनी पुढचा सूर धरला. तिथून पुढं प्रत्येक गाठीला त्यांनी कागदाकडे नाही, माझ्या जबड्याकडे पाहिलं. सूर कागदाचे, थांबणं माझं. सुभद्रा दर वेळी एक शब्द पुढं जाऊन एकटी पडत होती आणि तोंड मिटत होती.

मला वाटलं, झालं. गाणं राहिलं.

आणि तेवढ्यात क्लॅरिनेट एकदम वर चढलं आणि तिथंच दोनदा आपटलं. मी फूल हातात धरून थांबले. ही चाल ओळखीची होती, पण गाण्यातली नव्हती. गिटारच्या टिंग टिंग आवाजात ती कधी कळली नाही, तालमीच्या गोंधळात कळली नाही, पण क्लॅरिनेट माणसासारखं बोलतं. ते स्पष्ट म्हणत होतं, हात नको लावू, हात नको लावू. मागून सॅक्सोफोन सांगत होतं, पान्यानं नाई, दवानं ओला हाय. माझाच आवाज, माझाच तोरा, नातीच्या मांडवात, सरकारी शिक्क्यानिशी.

मांडवाच्या कोपऱ्यात वामनरावांनी पेपर खाली केला. दसऱ्याला ते दुकानातच होते. "अरे, हे तं ते गिऱ्हाईक," एवढं ते म्हणाले, आणि मी पाहिल्यावर पेपर वर केला.

या चालीचे शब्द बायांच्या कागदावर नव्हते, त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. तेव्हा सुभद्रेनं पदर खोचला, हात उंचावला आणि त्याच चालीवर खड्या आवाजात गाऊ लागली, "नाथ आले दारी गं, नाथ आले दारी." पुढं नवरीची सोनपावलं वगैरे जे सुचेल ते. बाया तिच्यामागं म्हणू लागल्या. मधे श्वास घेऊन ती सगळ्यांना सांगत होती, "हे दुसरं कडवं हाय. मोठ्या बाईले आठवत नाई. सासूबाईनं मले एकटीलेच शिकवलं होतं."

मी खाली मान घालून ओवत राहिले. माझे खांदे हलत होते. बायांना वाटलं मी रडते आहे, एकीनं माझ्या पाठीवर हात फिरवला.

गाणं शेवटाला आलं. शेवटच्या ओळीत माझा खोकला होता. मनोजनं तोही लिहिला होता, दोन तुटके सूर, आणि नेमका त्याच्यावर तो जांभळा शिक्का बसला होता. ढोलवाल्याला अंडी वाचता येत नाहीत. त्याला कागदावर ओळखीची वाटली अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे तो भला मोठा गोल. त्यानं तो ढोलाचा ठोका समजून सर्व ताकदीनं घातला. क्लॅरिनेट खोकलं, ढोल दणाणला, पुन्हा खोकलं, पुन्हा दणाणला. मांडवावरचे पारवे उडाले.

"इथं टाळी असते," सुभद्रा म्हणाली, आणि सगळ्यांनी टाळी दिली.

मी शेवटची गाठ मारली आणि करिश्माच्या कपाळावर मुंडावळ्या बांधल्या. तिचे डोळे भरले होते. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आजी, मधलं कडवं किती वेगळं आहे गं. ते मला शिकवशील ना?"

लग्न लागलं. पंगती उठल्या. तोवर सगळ्या नातेवाइकांना कळलं होतं की डॉक्टरांनी मला आज एक वाक्य दिलं आहे, आणि ते अजून शिल्लक आहे. कुणी म्हणे नातीला आशीर्वाद देईल, कुणी म्हणे व्याह्यांना काही सांगेल. वामनराव जरा लांब बसले होते. सुभद्रा माझ्यासमोर पानाचा विडा घेऊन आली आणि म्हणाली, "मोठ्या बाई, बोला ना काई. दुसरं कडवं कसं वाटलं?" महिनाभर घासूनपुसून ठेवलेलं वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं. मी तिच्याकडे पाहिलं. आता जन्मभर, घरातल्या प्रत्येक लग्नात, ही बाई त्या गिऱ्हाइकाला नाथ म्हणणार होती, आणि आता तिला मागंही जाता येणार नव्हतं. मी विडा घेतला आणि वाक्य गिळलं.

तेवढ्यात मनोज आला. कागदांचा गठ्ठा छातीशी धरलेला, तोंड उतरलेलं. वामनरावांनी त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"आई, माफ कर. मले खरंच समजलं नाई ते. घरी गेलो की गिऱ्हाईक, खोकला, सगळं पुसून टाकतो. फाईलच डिलीट करतो."

रागिणीनं सवयीनं पाटी पुढं केली. मी ती बाजूला सारली आणि महिन्याभरानं तोंड उघडलं.

"मन्या, गिऱ्हाईक राहू दे, खोकला काढ."